सात वर्षं मी त्याला मूळव्याध म्हणत होते

अमरावतीत राजापेठच्या आमच्या घरात या दुखण्याला एकच शब्द होता, मूयव्याध. आजीला होती, आईला होती, पुढे मलाही झाली. शौचाच्या जागी काही हाताला लागलं, दुखलं, खाजलं, रक्त दिसलं की हा शब्द यायचा आणि बोलणं तिथेच थांबायचं. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर पचनसंस्थेची आकृती काढताना तोंडापासून सुरुवात करायचे आणि मोठ्या आतड्याशी आले की खडू खाली ठेवायचे. शेवटचं नाव मुलांनी पुस्तकात बघून लिहावं, असं सांगायचे. त्या न उच्चारलेल्या शब्दाची किंमत आमच्या घराने मोजली आहे. म्हणून तो शब्द इथे लिहिते: गुदद्वार.

मी डॉक्टर नाही. माझ्या, भावाच्या आणि आईच्या दुखण्यात जे शिकले आणि डॉक्टरांना विचारून जे पक्कं करून घेतलं, तेवढंच सांगते.

१. गाठ हाताला लागली तरी तिला नाव आपण देऊ नये.

मे महिना होता. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सने आले होते. वाटेत उतरावं लागू नये म्हणून पाणी जवळपास प्यायलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी फार कुंथावं लागलं आणि धुताना बोटाला गाठ लागली. टपोऱ्या वाटाण्याएवढी, टणक, हात लावू देईना. आदल्या दिवशी ती तिथे नव्हती. वहिनी म्हणाली, "मोड आला बाई तुले. सुरण खा, ताक पे, आठ दिवसांत बसते." आठ दिवसांत दुखणं खरंच बसलं, त्यामुळे तिने सांगितलेलं नाव दोघींनाही खरं वाटलं.

गुदद्वाराच्या कडेला कातडीखाली बारीक शिरांचं जाळं असतं. कुंथण्याच्या जोराने एखाद्या शिरेत रक्त साकळतं आणि गुठळी होते. ती निळसर-जांभळी दिसते, एका रात्रीत येते, पहिले दोन-तीन दिवस जीव नकोसा करते आणि मग हळूहळू विरते. पहिल्या तीन दिवसांत सर्जनकडे गेलं तर तेवढी जागा बधिर करून ती काढता येते. नंतर बहुधा कोमट पाण्यात बसणं, वेदनेची गोळी आणि शौच मऊ ठेवणं एवढ्यावर भागतं. शब्दावरच बोट ठेवायचं तर डॉक्टर हिलाही बाहेरची मूळव्याध म्हणतात. पण आतून उतरणारे मोड वेगळे आणि त्यांचा इलाजही वेगळा. गुठळी विरली की मागे कधीकधी कातडीची सैल घडी राहते. माझी राहिली. ती घडी म्हणजेच मोड, असं धरून मी सात वर्षं काढली.

२. ज्याने पाहिलं नाही, त्याचा सल्ला घेऊ नये. पाहायला लागतात पाच मिनिटं.

या सात वर्षांत मी काय काय घेतलं! मेडिकलमधून मलमं, ओळखीच्यांकडून पुड्या, भिंतीवरच्या जाहिराती वाचून एका 'बिनाऑपरेशन, गॅरंटीने' वाल्याची महिनाभराची औषधं. त्याने खुर्चीवरून न उठता चिठ्ठी लिहून दिली होती. मला तेव्हा बरं वाटलं होतं, की यांनी बघायचं नाव काढलं नाही. आज त्या बरं वाटण्याचाच मला राग येतो.

शेवटी ज्या डॉक्टरबाईंकडे गेले, त्यांनी नर्सला आत घेतलं, पडदा ओढला, डाव्या कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले. "आता फक्त बघतेय," "आता हात लावतेय," असं प्रत्येक वेळी सांगत गेल्या. जिथे फार दुखत होतं तिथे बोट घालायचं त्यांनी त्या दिवशी टाळलं. पाच मिनिटंही झाली नसतील. म्हणाल्या, "मॅडम, दुखतंय ते मूळव्याधीने नाही. ही भेग आहे."

शौच कडक झाली की गुदद्वाराची नाजूक कातडी चिरते, बहुतेक वेळा मागच्या बाजूला, अगदी मधोमध. चिरलं की आतला स्नायू आवळून बसतो, त्यामुळे रक्तपुरवठा कमी होतो, भेग भरत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा चिरते. भेग जुनी झाली की तिच्या बाहेरच्या टोकाशी कातडीचा छोटा कोंब वाढतो. डॉक्टर त्याला पहारेकरी म्हणतात, कारण तो दिसला की मागे भेग शोधायची. माझी सैल घडी जाड होत गेली होती ती यामुळे. आतल्या मूळव्याधीचं रक्त बहुधा न दुखता पडतं, ही साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मला तर शौचाला बसलं की काच फिरल्यासारखं व्हायचं, आणि नंतर तास-दीड तास आग. एवढं एकच वाक्य कुणापुढे नीट बोलले असते तर सात वर्षं वाचली असती.

आवळलेला स्नायू सैल करणारं मलम, रोज दोनदा कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं, इसबगोल आणि पाणी. दोन महिन्यांत भेग भरली. कोंब अजून आहे. त्याचा त्रास नाही, म्हणून काढलेला नाही.

३. ठेच्याला दोष देण्याआधी पाण्याकडे बघावं.

आमच्या वऱ्हाडात असं काही झालं की आधी ठेचा बंद होतो. यावर खरोखर अभ्यास झाला आहे आणि तो आपल्या विदर्भातच झाला आहे. नागपूरचे सर्जन डॉ. प्रवीण गुप्ता यांनी ताज्या भेगेच्या रुग्णांना काही दिवस लाल तिखटाच्या कॅप्सूल आणि काही दिवस तशाच दिसणाऱ्या, तिखट नसलेल्या कॅप्सूल देऊन पाहिलं. कोणती कॅप्सूल कोणती आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तिखटाच्या दिवसांत दुखणं आणि आग वाढली. २००८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याआधी २००६ साली इटलीतल्या डॉक्टरांनी मूळव्याधीच्या रुग्णांना तिखट देऊन पाहिलं होतं, तिथे फरक दिसला नव्हता. म्हणजे भेग असेल तर ती भरेपर्यंत ठेचा बाजूला ठेवायचा; पण ठेच्यामुळे मोड येतात याला या अभ्यासांतून आधार मिळत नाही.

खरं कारण माझ्या शाळेत होतं. शिक्षिकांसाठी असलेल्या संडासाला कडी नव्हती आणि नळाला दुपारनंतर पाणी नसायचं. साडेदहा ते पाच आम्ही कुणी तिकडे जात नसू. जायला लागू नये म्हणून पाणी पीत नसू. अमरावतीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, अशा दिवसांतही उन्हाळी कामाला आलेल्या आम्ही बायका अर्ध्या बाटलीवर दिवस काढायचो. आलेली शौच दाबली की आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती कडक होते, आणि मग कुंथणं. शाळा-कचेऱ्यांतल्या कितीतरी बायकांचं हेच चालतं. मुख्याध्यापकांना मी कडी आणि टाकीसाठी अर्ज दिला तो बरं झाल्यावर, निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना. तो पहिल्याच वर्षी द्यायला हवा होता.

शौच मऊ राहावी म्हणून ज्वारीची भाकर, सालीची डाळ, पालेभाजी, पेरू, आणि इसबगोल घेतलं तर त्यावर पेलाभर पाणी. पाण्याशिवाय इसबगोल उलट अडकतं. संडासात मोबाईल नेऊ नये. बसून राहण्यानेही शिरांवर ताण येतो.

४. ठणकणारं गळू रात्र थांबत नाही.

माझ्या भावाचं किराण्याचं दुकान आहे आणि त्याला साखर आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला गुदद्वाराच्या बाजूला सुपारीएवढी सूज आली. लाल, गरम, ठणकणारी. अंगात ताप. "केसतोड आहे, फुटलं की मोकळं," असं म्हणत त्याने पाच दिवस मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या खाल्ल्या. सहाव्या रात्री तो गादीवर बसूही शकत नव्हता. पहाटे ऑपरेशन करून पू काढावा लागला. सर्जनने सांगितलं ते मी लिहून ठेवलं आहे: या जागेच्या गळवातला पू गोळीने जात नाही, चीर देऊनच काढावा लागतो, आणि साखर असलेल्या माणसाने तर एक दिवसही वाट बघू नये, कारण तिथून संसर्ग आजूबाजूच्या मांसात भराभर पसरतो.

गुदद्वाराच्या आत, दोन स्नायूंच्या मध्ये बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबली की पू धरतो आणि तो बाहेर यायला वाट शोधतो. गळू रिकामं झाल्यावरही साधारण तिघांतल्या एकाला, कधी त्याहून जास्त लोकांना, ती वाट बुजत नाही. मग बाहेर पुटकुळीसारखं तोंड राहतं. ते फुटतं, ओलं होतं, चड्डीला डाग पडतो, बंद होतं, महिन्याने पुन्हा फुगतं. हे भगंदर. भावाला तेच झालं.

सुश्रुतसंहितेत अर्श आणि भगंदर हे दोन्ही आठ महागदांत, म्हणजे बरे करायला अवघड अशा आठ आजारांत, मोजलेले आहेत. पिकली नाही तोवर ती पिडका आणि पिकून फुटली की भगंदर, असा भेदही तिथे केलेला आहे. एका प्रकाराला उष्ट्रग्रीव म्हटलंय, उंटाच्या मानेसारखा. ज्यांनी ही नावं दिली त्यांनी किती जवळून आणि किती न लाजता पाहिलं असेल! क्षारसूत्राची पद्धत त्याच परंपरेतली. थोर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकवीस थर दिलेला दोरा त्या वाटेतून ओवतात आणि आठवड्याला बदलतात. तो वाट कापत जातो आणि मागून जखम भरत येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने केलेल्या तुलनेत या पद्धतीला ऑपरेशनपेक्षा वेळ जास्त लागला, पण आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. ते १९९१ साली छापून आलं. भावाने आधी एमआरआय करून वाट कुठून जाते ते पाहिलं आणि मग प्रशिक्षित वैद्याकडून दोरा घेतला. अकरा आठवडे लागले. भगंदर पुन्हा पुन्हा होत असेल किंवा एकाहून जास्त तोंडं असतील, तर क्षय किंवा आतड्याचा जुनाट दाह तपासून घ्यावा लागतो, हेही त्याच वेळी कळलं.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला भगंदर झालं होतं. नोव्हेंबर १६८६ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. तिची तयारी म्हणून शल्यविशारदाने आधी कितीतरी गरीब रुग्णांवर सराव केला होता. राजाला काय झालंय हे सगळ्या दरबाराला ठाऊक होतं. माझ्या भावाने बायकोलासुद्धा सहाव्या रात्री सांगितलं.

५. बिब्बा, चुना, ब्लेड यातलं काहीही तिथे लावू नये.

मी शाळेच्या स्टाफरूममध्ये माझ्या भेगेबद्दल पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले, त्यानंतर आठवडाभरात तीन बायका एकेकट्या येऊन भेटल्या. एकीच्या कुणा नातलग मुलाला त्या जागी बारीक चामखिळी आल्या होत्या, फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या, एकमेकींना चिकटून. घरच्यांनी बिब्बा लावला. चामखीळ बाजूलाच राहिली आणि आजूबाजूची कातडी भाजून फोड आले. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. आपल्याकडे घरोघरी असतो म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

या चामखिळी एचपीव्ही नावाच्या विषाणूने येतात, मुख्यतः त्याच्या ६ आणि ११ या प्रकारांनी, आणि बहुधा शरीरसंबंधातून. पण विषाणू अंगात गेल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत महिने, कधी वर्षं जातात. त्यामुळे 'कुणाकडून आलं' हा प्रश्न घरात विचारून भांडणापलीकडे काही हाती लागत नाही. लेप, गोठवणं, जाळून काढणं, सगळं डॉक्टर करतात. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करून घ्यावी, कारण सिफिलिसमध्येही तिथे चपटे, ओलसर उंचवटे येतात. ते चामखिळीसारखे भासतात आणि पेनिसिलिनने बरे होतात. सरकारी रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतात. तिथे इलाज फुकट होतो आणि समुपदेशक पोलिसासारखे प्रश्न विचारत नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ती ६ आणि ११ या प्रकारांपासूनही वाचवते. मुलांना वयात येण्याआधी देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

लहान मुलाच्या अंगावर त्या जागी चामखीळ दिसली तर हातावरून आली असेल असंही होतं. पण मुलाला कुणी त्रास देत नाही ना, हे डॉक्टरांच्या मदतीने, मुलाला न घाबरवता पाहिलंच पाहिजे. शिक्षिका म्हणून हे मी ठासून सांगते.

६. काही गाठी निव्वळ शेजारच्या असतात.

माकडहाडाशी, दोन कुल्ल्यांच्या वरच्या फटीत येते ती गाठ गुदद्वाराची नसतेच. केस कातडीत रुतून होते, तरुण आणि केसाळ मुलांना जास्त. दुसऱ्या महायुद्धात खडबडीत रस्त्यांवर गाड्या चालवणाऱ्या हजारो अमेरिकी सैनिकांना ती झाली, म्हणून तिचं नावच जीपचा आजार पडलं. मधोमध खळी असलेले मोत्यासारखे दाणे वेगळ्या विषाणूचे. पाणी भरलेले, आग होणारे फोड नागिणीच्या जातीचे. घामाने आणि घासण्याने आलेली केसतोड आपली आपण जाते. खाज असेल तर साबण आणि जंतुनाशक द्रव चोळणं आधी थांबवा. साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडं ठेवा. खाजेच्या पिवळ्या-हिरव्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं, आणि ते महिनोन्‌महिने लावलं की तिथली कातडी कागदासारखी पातळ होते.

७. रक्त म्हणजे मूळव्याधच, असं पन्नाशीनंतर तर अजिबात धरू नये.

आईबद्दल शेवटी लिहिते आहे कारण आधी लिहिता आलं नसतं.

अंबादेवीच्या देवळात कीर्तनाला तासभर मांडी घालून बसणारी माझी आई खांबाला टेकून एका बाजूवर बसायला लागली. विचारलं तर म्हणायची, "काही नाही ओ माय, आपली जुनीच मूयव्याध." रक्त पडत होतं. ते दोन वर्षं पडत होतं, हे मला पुढे कळलं. दिवसातून चार-पाच वेळा जाऊन यायची, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नसे. लुगडं सैल होत गेलं. तेव्हा मला स्वतःचा 'मोड' होता, म्हणून मी तिला माझंच मलम दिलं. हे वाक्य लिहायला मला पंधरा वर्षं लागली.

तिला जेव्हा पहिल्यांदा कुणी तपासलं, तेव्हा डॉक्टरांच्या बोटाला आत गाठ लागली. बोटाच्या लांबीवर. कुठलंही यंत्र लागलं नाही. पुढे नागपूरला दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा तपासला, गुदाशयाचा कर्करोग निघाला, आणि तोवर तो यकृतात गेलेला होता. आई त्यानंतर सात महिने होती.

रक्त वरचेवर पडणं, शौचाची सवय बदलणं, शौच बारीक होणं, पोट साफ न झाल्याची भावना, कारण नसताना वजन उतरणं, आणि बाहेरची एखादी टणक गाठ किंवा जखम तीन-चार आठवड्यांत न भरणं, यातलं एकही असेल तर तपासून घ्यायचं. आधीची मूळव्याध असली तरी. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. आणि हे ऐकून घाबरून घरी बसण्याचंही कारण नाही. खुद्द गुदद्वाराचा जो कर्करोग असतो, तो पूर्वी मोठी शस्त्रक्रिया करून, कायमची पोटाला पिशवी लावून काढत. १९७४ साली डेट्रॉइटच्या नॉर्मन निग्रो यांनी औषध आणि किरणोपचार एकत्र देऊन पाहिले आणि गाठी विरलेल्या दिसल्या. आज लवकर सापडलेले कितीतरी रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे होतात. पण ते सापडावं लागतं, आणि सापडण्यासाठी कुणीतरी बघावं लागतं.

८. डॉक्टरांपुढे बसल्यावर मोजकं आणि नीट बोलावं.

गाठ कधी आली, एका रात्रीत की हळूहळू. दुखते का, आणि शौचाच्या वेळी की दिवसभर. रक्त लाल थेंब की शौचात मिसळलेलं. पू, ओल, ताप, खाज. गाठ आत ढकलली जाते की बाहेरच राहते. साखर आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. चिठ्ठीवर लिहून न्या. तोंडाने सांगायला जड जात असेल तर चिठ्ठीच पुढे करा, मी तेच केलं होतं. बाई डॉक्टर हवी, सोबत नर्स हवी, असं मागण्यात काही चूक नाही. पैशाची अडचण असेल तर अमरावतीच्या इर्विन या सरकारी रुग्णालयात सर्जरीची ओपीडी आहे, अकोल्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

आणि तुमच्या घरात कुणी गेले काही दिवस एका बाजूवर टेकून बसत असेल, गाडीवर बसायचं टाळत असेल, संडासातून उशिरा आणि गप्प होऊन बाहेर येत असेल, तर त्याला आज रात्री, दार लावून, एकट्याला विचारा. तो "काही नाही" म्हणाला तर उद्या पुन्हा विचारा.